दगडखाणीतली सुरक्षा आणि अपघात : ठाणे-नवी मुंबईतले कामगार आणि शेजारी वारंवार विचारतात ते प्रश्न

तुर्भे, पावणे, बोनसरी, शिरवणे, पारसिकचा डोंगर, शिळ-डायघर. नवी मुंबईचे रस्ते आणि ठाण्याचे टॉवर ज्या खडीवर उभे आहेत, ती याच पट्ट्यातले डोंगर फोडून आली. यातल्या काही खाणी चालू आहेत, काही बंद पडल्या, काहींत पाणी साठलं. या खाणींत राबणारे लोक, त्यांच्या घरची माणसं आणि खाणीशेजारी राहणारे रहिवासी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. खाणीत माणूस गेला की ‘नशीब त्याचं’ म्हणून विषय मिटवला जातो. पण दगडखाणीतला अपघात बहुतेक वेळा कित्येक दिवस आधी डोळ्यांना दिसत असतो, आणि तो दिसत असताना काम चालू ठेवायचं की थांबवायचं हे कुणीतरी ठरवलेलं असतं. हे मनात ठेवून पुढची उत्तरं वाचावीत.

आमच्याकडे कोळसा निघत नाही, सोनं निघत नाही. नुसता डबर आणि खडी. याला कायद्यात ‘खाण’ म्हणतात का?

हो, म्हणतात. जमिनीतून खनिज काढण्यासाठी खणलेली कोणतीही जागा १९५२ च्या खाण कायद्याने खाण मानली, आणि बांधकामाचा दगड हेही खनिजच आहे. महसूल खात्याच्या भाषेत ते ‘गौण खनिज’. गौण हा शब्द स्वामित्वधन कुणाकडे जायचं आणि परवाना कुणी द्यायचा यापुरता आहे. पडणाऱ्या दगडाचं वजन त्याने कमी होत नाही. आपल्याकडचा एक घनमीटर काळा दगड पावणेतीन टनांच्या आसपास भरतो.

एक सवलत मात्र आहे आणि तिचा आधार फार सैलपणे घेतला जातो. बांधकामाचा दगड, मुरूम, माती अशा साध्या खनिजांच्या उघड्या खाणीला कायद्याच्या बहुतेक कलमांतून सूट मिळते, पण त्यासाठी तीन अटी एकत्र पाळाव्या लागतात : सगळ्यात उंच आणि सगळ्यात खोल बिंदूतलं अंतर कुठेही ६ मीटरपेक्षा जास्त नको, एका दिवसात ५० पेक्षा जास्त माणसं कामाला नकोत, आणि स्फोटकांचा वापर नको. यातली एक जरी अट मोडली तरी पूर्ण कायदा लागू होतो. ‘आम्ही सुरुंग लावतच नाही, ब्रेकरने फोडतो’ असं सांगणाऱ्या खाणीची कडा दोन मजल्यांपेक्षा उंच असेल, तर त्या सांगण्याला अर्थ नाही.

नवी कामगार संहिता आली ना? मग जुने नियम गेले का?

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९५२ चा खाण कायदा तिच्यात सामावला. पण जुन्या कायद्याखालचे नियम संहितेशी विसंगत नसतील तोवर, नवे येईपर्यंत, चालू राहतात. दगडखाणीला लागू असलेली धातुखनिज खाणींची १९६१ ची नियमावली त्यातलीच. कामगाराच्या दृष्टीने एक मोठा बदल लक्षात ठेवावा : प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं आता मालकाचं कर्तव्य आहे. खाणीत पिढ्यान्‌पिढ्या काम करूनही हातात एक चिठोरा नसलेल्या माणसांसाठी ही किती मोठी गोष्ट आहे, हे भरपाईच्या प्रश्नापाशी कळेल.

दगडखाणीत माणसं सर्वात जास्त कशाने मरतात?

कडा कोसळून, डंपरखाली येऊन आणि सुरुंगाने. सुरुंगाची भीती सगळ्यांना असते, त्यामुळे तिथे थोडीतरी सावधगिरी दिसते. कड्याची भीती मात्र कुणाला वाटत नाही, कारण तो रोज समोर असतो.

आपला दगड म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, बेसाल्ट. हातात घेतला तर लोखंडासारखा. पण डोंगर म्हणजे एकसंध दगड नव्हे. लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांना उभ्या-आडव्या भेगा असतात. दोन थरांच्या मध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टा असतो. तो कोरडा असताना घट्ट वाटतो, पाणी प्यायला की निसरडा होतो. उभ्या भेगांनी सुटलेला खांबासारखा तुकडा खालचा आधार जाईपर्यंत उभा राहतो आणि मग एकदम येतो. आधी आवाज येईलच याची खात्री नसते.

आता खाण कशी चालते ते पाहा. रीतीप्रमाणे डोंगर वरून खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरवत न्यायचा असतो. तसं करायला वरपर्यंत रस्ता काढावा लागतो, वरचा मुरूम आणि माती आधी हटवावी लागते, आणि त्या कामात विकण्याजोगा माल निघत नाही. म्हणून अनेक ठिकाणी पायथ्यालाच पोकलेन लावतात आणि खालून खात जातात. कडा सरळ उभा होतो, मग पोटात जातो, वरचा भाग छपरासारखा पुढे येतो. त्या छपराखाली माणूस सुरुंगासाठी होल मारत असतो. नियमावलीने नेमकं हेच मना केलं आहे : कड्याला खालून कोरून वरचा भाग लोंबकळता ठेवायचा नाही.

मग नियमाप्रमाणे कडा कसा असायला हवा?

माती, मुरूम, खडीचा भराव अशा मऊ जागेत उतार ४५ अंशांपेक्षा उभा नको. पायऱ्या करायच्या तर प्रत्येक पायरी दीड मीटरपेक्षा उंच नको आणि तिची रुंदी निदान उंचीइतकी हवी. कठीण दगडात पायरीची, म्हणजे आपल्याकडे बेंच म्हणतात तिची, उंची ६ मीटरपर्यंत. त्याहून जास्त ठेवायची तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची परवानगी लागते. कड्याच्या काठापासून ३ मीटरच्या आत झाड, सुटा दगड, राडारोडा काही ठेवायचं नाही.

हे शेवटचं वाक्य लहान आहे, पण तुर्भ्यापासून शिळपर्यंत कुठेही मान वर करून पाहा. कड्याच्या अगदी टोकावर अर्धी मुळं उघडी पडलेलं झाड उभं दिसेल. त्या झाडाची मुळं भेगांत शिरून दगड सुटा करतात आणि वाऱ्याने झाड हललं की पहारीसारखं काम करतात.

रोज सकाळी काम सुरू होण्याआधी मेटने (कामावर देखरेख करणारा प्रमाणपत्रधारक) किंवा फोरमनने कडा तपासायचा असतो. पाहायचं ते हे : कालच्यापेक्षा रुंद झालेली भेग, वरच्या सपाट जमिनीवर काठाला समांतर गेलेली नवी चीर, भेगेतून अचानक वाहू लागलेलं पाणी, कडेला पडलेली ताजी माती. सुटे दगड काढायचे ते वरच्या बाजूने, खाली कुणी नसताना, आणि काढणाऱ्याच्या कमरेला पट्टा व दोर बांधून. जमेल तिथे लांब बाहूच्या मशीननेच.

पावसाळ्यात काम जवळजवळ बंदच असतं. मग भीती कसली?

आपल्या जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. ते पाणी भेगांत साठतं आणि आतून दगडाला बाहेर ढकलतं. कडा कोसळतो तो कधी मुसळधार पावसात, तर कधी पाऊस ओसरल्यावर आठवड्याने. ऑक्टोबरमध्ये ऑर्डरी साठलेल्या असतात, कामगार गावाहून परतलेले असतात, आणि पहिल्याच दिवशी मशीन कड्याला भिडतं. चार महिने कुणीही न तपासलेल्या कड्याखाली. मला वर्षातले सर्वात धोक्याचे दिवस हेच वाटतात. काम पुन्हा सुरू करण्याआधी वरून पाहणी, सुटे दगड उतरवणं आणि वरच्या अंगाला पाणी वळवणारा चर साफ करणं, एवढं झाल्याशिवाय खाली उतरू नये.

खाणीच्या काठावर किंवा जुन्या कड्याच्या पायथ्याशी झोपडी असेल तर पावसाळ्यात तिथे रात्री झोपू नका. हे सांगणं सोपं आणि पाळणं अवघड आहे, कारण दुसरी जागा कुठे असते? म्हणूनच निवाऱ्याची सोय कड्यापासून लांब करण्याची मागणी एप्रिल-मेमध्येच लेखी करावी, जूनमध्ये नव्हे.

हेल्मेट आणि बूट दिले आहेत. पुरे ना?

हेल्मेट घालाच. पण २० मीटर उंचीवरून सुटलेला दगड खाली येतो तेव्हा त्याचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या वर असतो. नारळाएवढ्या दगडापुढेही हेल्मेट टिकत नाही. ते उडालेल्या खड्यासाठी आणि ठेच लागून पडताना डोकं वाचवण्यासाठी आहे. अपघातानंतर ‘त्याने हेल्मेट घातलं नव्हतं’ हे वाक्य फार लवकर पुढे येतं. ते ऐकलं की विचारावं : कडा किती उंच होता, आणि बेंच होती का?

सुरुंग कुणी लावायचा?

परवानाधारक ब्लास्टरने, म्हणजे ज्याच्याकडे ब्लास्टरचं, मेटचं, फोरमनचं किंवा व्यवस्थापकाचं प्रमाणपत्र आहे त्याने. ‘वीस वर्षं हेच करतोय’ हा अनुभव मोलाचा आहे, पण प्रमाणपत्राची जागा तो घेऊ शकत नाही. स्फोटकांचा परवाना २००८ च्या स्फोटके नियमांखाली मिळतो आणि त्यावर देखरेख करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचं मुख्यालय नागपूरला आहे. विजेच्या तारेने उडवायच्या साध्या इलेक्ट्रिक डिटोनेटरवर १ एप्रिल २०२५ पासून बंदी आहे. कुणी जुना साठा वापरत असेल तर तो गुन्हा आहे.

होलमध्ये सुरुंगाची दारू भरताना लाकडी काठीच वापरायची. लोखंडी सळई किंवा पहार आत घालायची नाही. होलचं तोंड मातीने किंवा भुकटीने नीट ठासून बंद करायचं. ही ठासणी कमी पडली की स्फोटाची ताकद दगड फोडण्याऐवजी तोंडातून वर निघते आणि दगड लांब उडतात. उडालेल्या दगडाने होणाऱ्या इजांचं हे एक नेहमीचं कारण आहे. दुसरं कारण म्हणजे मोठ्या डबरावर वरून दारू चिकटवून तो फोडणं. ब्रेकर उपलब्ध असताना हे करण्याचं काही कारण उरलेलं नाही.

ढगांचा गडगडाट सुरू झाला तर भरलेल्या होलपासून सगळ्यांनी लांब जायचं. मॉन्सूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात ही वेळ हमखास येते.

सुरुंगाच्या वेळी किती लांब जायचं?

१९६१ च्या नियमावलीत ३०० मीटरचा धोक्याचा परीघ आहे. मोठ्या व्यासाची खोल होल मारून उडवत असतील तर ५०० मीटर धरावेत, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. परिघाच्या प्रत्येक वाटेवर लाल झेंडा घेऊन माणूस उभा हवा. नवी मुंबईत पाचशे मीटरच्या आत रस्ता आहे, कंपनी आहे, वस्ती आहे. मग तिथे सुरुंग लावणंच योग्य आहे का, हा प्रश्न परवाना देतानाच विचारायला हवा.

आडोसा घ्यायचा तो पक्क्या छपराच्या खोलीचा. डंपरखाली किंवा पोकलेनच्या मागे लपणं धोक्याचं आहे, कारण दगड वरूनही येतो.

एखादा सुरुंग फुटलाच नाही तर?

ही गोष्ट मुकादमाने, ब्लास्टरने आणि प्रत्येक होलवाल्याने पाठ करून ठेवावी. आवाज मोजायचे. कमी आले, किंवा शंका आली, तरी जागेवर जायचं नाही. वातीचा सुरुंग असेल तर निदान ३० मिनिटं थांबायचं. जागेला कुंपण किंवा पहारा ठेवायचा. मग एकट्या ब्लास्टरने जाऊन तपासायचं.

न फुटलेल्या होलमधली दारू उकरून काढायची नाही. त्याच्यापासून कमीत कमी ३० सेंटिमीटर अंतरावर, त्याला समांतर, दुसरं होल मारून ते उडवायचं. आणि फुटलेल्या होलचा जो बुडखा उरतो, त्यात पुन्हा ड्रिल घालायचं नाही. अर्धं काम आयतं झालेलं दिसतं म्हणून मोह होतो, पण त्या बुडख्यात थोडी दारू शिल्लक असू शकते. जॅकहॅमरचं टोक तिच्यावर बसलं की मशीन धरलेल्या माणसाला पळायलाही वेळ मिळत नाही. पाळी बदलत असेल तर न फुटलेल्या होलची माहिती पुढच्या पाळीच्या माणसाला तोंडी नव्हे, वहीत लिहून द्यायची.

सुरुंगानंतर तपकिरी धूर दिसतो, तो काय असतो?

नायट्रोजनचे विषारी वायू. दारू भिजलेली असली किंवा तिचं मिश्रण बिघडलेलं असलं की हा तपकिरी-नारिंगी धूर निघतो. तो पूर्ण विरेपर्यंत जवळ जाऊ नये. त्याची दगाबाजी अशी की छातीत गेल्यावर थोडा खोकला येतो, बरं वाटतं, माणूस घरी जातो आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरायला लागतं. म्हणून धूर छातीत गेलेल्या माणसाला बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि ‘सुरुंगाचा धूर गेला आहे’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

डंपरवाले जपून चालवत नाहीत, म्हणूनच अपघात होतात ना?

काही वेळा हो. पण आधी ड्रायव्हरच्या जागेवर बसून पाहा. डंपरच्या नाकासमोर उभा असलेला माणूस त्याला दिसतच नाही आणि मागचं तर काहीच दिसत नाही. रिव्हर्सचा भोंगा बिघडलेला, मागे इशारा करायला माणूस नाही, खेपेवर पैसे, आणि उतरत्या रस्त्याच्या कडेला बांध नाही. अशा ठिकाणी चांगला ड्रायव्हरही कधीतरी चुकणार. दरीच्या बाजूने रस्त्याला निदान एक मीटर उंच भक्कम बांध असायला हवा, आणि मोठ्या गाड्यांसाठी त्याहून जास्त.

गाडी उभी केली की चाकाला लाकडी ओंडका किंवा दगड लावायचा, ट्रॉली वर असताना खाली शिरायचं तर तिला आधी टेकू द्यायचा, आणि वरून वीजवाहिनी जात असेल तिथे ट्रॉली उचलायचीच नाही. ट्रॉली तारेला लागली तर ड्रायव्हरने आत बसून राहावं. उतरावंच लागलं, म्हणजे आग लागली, तर गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होणार नाही अशी उडी मारावी.

आणि डंपरच्या सावलीत जेवायला किंवा झोपायला बसू नये. मे महिन्यात खाणीत दुसरी सावली नसते म्हणून माणसं तिथे जातात. चार पत्र्यांची शेड उभारली तर हा धोका संपतो.

क्रशरवरच्या बायकांसाठी वेगळं काही?

क्रशर म्हणजे दगड फोडून खडी करणारं यंत्र. त्याच्या सरकत्या पट्ट्यावर काम करणाऱ्या सगळ्यांसाठी आहे, पण साडीचा पदर, ओढणी आणि मोकळे केस यांमुळे बायकांना धोका जास्त. पदर खोचून वरून शर्ट घालतात ती रीत चांगली आहे. पट्टा आणि रोलर जिथे भेटतात तिथे जाळी हवी, आणि पट्ट्याच्या पूर्ण लांबीला ओढली की मशीन बंद होईल अशी दोरी हवी. क्रशरच्या जबड्यात दगड अडकला तर मशीन बंद, मेन स्विच बंद, स्विचला कुलूप आणि चावी आत उतरणाऱ्याच्या खिशात. ‘मी इथे उभा आहे, कुणी चालू करणार नाही’ यावर विश्वास ठेवून कुणीही आत उतरू नये.

धुळीने खरंच सिलिकोसिस होतो का? काळ्या दगडात सिलिका नसते असं ऐकलंय.

अर्धं खरं आहे. सिलिकोसिस म्हणजे सिलिकेची बारीक धूळ फुप्फुसांत साठून होणारा आजार. वाळूचा दगड किंवा ग्रॅनाइट यांच्या मानाने आपल्या बेसाल्टमध्ये मोकळी स्फटिकी सिलिका फार कमी असते. पण याच दगडाच्या पोकळ्यांत गारगोटीचे पांढरे खडे भरलेले असतात. ते कुणीही पाहिले असतील. ती सिलिकाच आहे आणि दगडाबरोबर तीही दळली जाते. शिवाय सिलिका नसलेली बारीक धूळसुद्धा वर्षानुवर्षं छातीत गेली तर दम लागतोच. इथे कामाला येण्याआधी राजस्थानात किंवा कर्नाटकात दुसरा दगड फोडलेला माणूस तिकडची धूळ छातीत घेऊनच आलेला असतो.

जी धूळ डोळ्यांना दिसते ती बहुतांश नाकात आणि घशात अडकते. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते ती न दिसणारी. तोंडाला बांधलेला गमछा तिला अडवत नाही. खरा उपाय म्हणजे ड्रिलला पाणी, क्रशरवर फवारे आणि पत्र्याचं बंदिस्त आवरण, कच पडते तिथे फवारा. त्यानंतर एन-९५ प्रकारचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क.

दोन गोष्टी घरच्यांनी लक्षात ठेवाव्यात. सिलिकोसिस बरा होत नाही, त्यामुळे लवकर ओळखून धुळीतून बाहेर पडणं हाच मार्ग. आणि खाणकामगाराचा खोकला सरसकट क्षयरोग समजून औषधं चालू होतात. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात. म्हणून दवाखान्यात गेल्यावर ‘मजुरी करतो’ एवढंच सांगू नका. ‘इतकी वर्षं दगडखाणीत होल मारतो’ असं सांगा आणि ते केसपेपरवर लिहून घ्या. सिलिकोसिस हा भरपाईपात्र व्यावसायिक आजार आहे. पुढे तो कागद लागतो.

अपघात झाला. पहिल्या तासात काय करायचं?

आधी वर पाहा. जिथून एक दगड आला तिथून दुसरा येऊ शकतो, आणि वाचवायला धावलेला माणूसही सापडतो. एकाला कड्यावर नजर ठेवायला उभं करा, मग आत जा. १०८ ला फोन लावा. खाणीचा पत्ता शहरातल्या माणसाला सापडत नाही, म्हणून कुणालातरी मुख्य रस्त्यावर उभं करा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि मध्ये उचलून पाहू नका. पाठीवर किंवा मानेवर पडलेल्या माणसाला उठवून बसवू नका. फळी किंवा दरवाजा घेऊन, मान-पाठ एका रेषेत ठेवून चार जणांनी उचला. पाय तासाभराहून जास्त दगडाखाली दबलेला असेल तर दगड उचलण्याआधी शक्यतो रुग्णवाहिका येऊ द्या, आणि किती वेळ दबला होता ती वेळ डॉक्टरांना सांगा. दबलेल्या स्नायूंतलं विष सुटका झाल्यावर रक्तात उतरून मूत्रपिंड आणि हृदयावर घाला घालू शकतं. डोळ्यात कच गेली तर चोळू नका, भरपूर पाण्याने धुवा.

मुकादम म्हणतो, ‘रस्त्यावर डंपरने उडवलं असं सांगा, खर्च आपण करू.’ सांगावं का?

नाही. असं सांगितलं की तो कामावरचा अपघात राहत नाही आणि भरपाईचा हक्क तिथेच कमजोर होतो. खर्चाचं तोंडी आश्वासन पहिल्या दवाखान्याच्या बिलापर्यंत टिकतं. रुग्णालयात नोंद करताना जागा, वेळ आणि काय काम चालू होतं ते खरं सांगा.

खाणीत मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर मालकाने खाण सुरक्षा महासंचालनालयाला कळवणं बंधनकारक आहे. अपघाताची जागा निरीक्षक येईपर्यंत जशीच्या तशी ठेवायची असते. माणसं वाचवणं आणि पुढचा धोका टाळणं एवढाच अपवाद. ७२ तासांत निरीक्षक आले नाहीत तर काम पुन्हा सुरू करता येतं. त्याआधी रातोरात पोकलेन लावून कडा सारखा केला तर तो पुरावा नष्ट करणं आहे. म्हणून सुटका झाल्याबरोबर, तारीख-वेळ दिसेल असे, कड्याचे पूर्ण उंचीचे फोटो घ्या. नुसत्या रक्ताचे फोटो नकोत. कडा, बेंच नसणं, कुंपण नसणं हे दिसलं पाहिजे.

मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन आणि पोलीस पंचनामा टाळू नका. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली नोंदवता येतो.

आम्ही ठेकेदाराची माणसं. कागद काही नाही. भरपाई कोण देणार?

ठेकेदार देत नसेल तर मूळ मालक, ज्याच्या धंद्यासाठी काम चालू होतं तो. त्याने नंतर ठेकेदाराकडून वसूल करावं. कर्मचारी भरपाईचं १९२३ च्या कायद्यातलं सूत्र आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलं आहे. मृत्यू झाल्यास मासिक मजुरीच्या निम्मी रक्कम गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. हिशेबाला धरायची मजुरी २०२० पासून १५,००० रुपयांपर्यंत मर्यादित आहे. तीस वर्षांच्या माणसाचा आकडा २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५० रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर निम्म्याऐवजी ६० टक्के.

मृत्यूची भरपाई मालकाने थेट घरच्यांच्या हातात द्यायची नसते, ती सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करायची असते. हे फार थोड्यांना माहीत असतं. तेराव्याला दोन लाख आणून कोऱ्या स्टँपपेपरवर अंगठा घेतला, असे प्रसंग घडतात. तो अंगठा देऊ नका. दिला गेलाच असेल तरी हक्क संपला असं समजू नका. वकील किंवा युनियन गाठून दावा दाखल करा.

नेमणूकपत्र नसेल तर काय पुरावा? हजेरीची वही, उचलीची नोंद, मुकादमाचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश, डंपरच्या खेपांच्या चिठ्ठ्या, खाणीवर काढलेले फोटो, सोबत काम करणाऱ्या दोघा-तिघांचे जबाब. फोन दुरुस्तीला देण्याआधी हे सगळं दुसरीकडे उतरवून ठेवा.

चूक त्याचीच होती, दारू प्यायला होता, असं मालक म्हणाला तर?

त्याहून कमी इजेत, म्हणजे मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं नसेल तर, दारूसारखा बचाव मालकाला घेता येतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर भरपाई नाकारायला हे कारण चालत नाही.

मुलांना खाणीवर नेलं तर चालतं का? घरी ठेवायला कुणी नाही.

अठरा वर्षांखालच्या कुणालाही खाणीत कामाला लावता येत नाही. सोबत नेलेली मुलंही सुरुंगाच्या परिघात आणि डंपरच्या वाटेवरच खेळतात. वडार कुटुंबांत आई-बाप दोघं खाणीवर असतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच पाळणाघराची मागणी सुरक्षेच्याच यादीत लिहावी.

आम्ही शेजारच्या सोसायटीत राहतो. सुरुंगाने भिंतीला तडे जातात. मोजमाप असतं का?

असतं. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात इतरांच्या घरांसाठी जमिनीच्या कंपनवेगाची मर्यादा दिली आहे : कंपनाची वारंवारता ८ हर्ट्‌झपेक्षा कमी असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ मध्ये १० आणि त्याहून जास्त असेल तर १५. तुमच्या इमारतीच्या पायापाशी यंत्र लावून मोजणी करण्याची लेखी मागणी करा. तोवर तड्यांवर पेन्सिलने टोकाची खूण आणि तारीख घाला, सुरुंगाच्या वेळा वहीत लिहा. ‘रोज हादरे बसतात’ यापेक्षा महिन्याभराची ही नोंद तक्रारीत जास्त बोलते.

टॉवरच्या पायासाठी दगड फोडतात, तीही खाण का?

नाही, ते बांधकाम. त्याला बांधकाम कामगारांचे नियम आणि कल्याणकारी मंडळाची नोंदणी लागू होते. स्फोटकांचे नियम मात्र तेच.

बंद खाणीतल्या पाण्यात मुलं पोहायला जातात. कुणाची जबाबदारी?

खाण बंद केली म्हणजे मालक मोकळा झाला असं नाही. सोडून दिलेल्या खाणीला कुंपण घालणं त्याचंच काम आहे. खाणीचं पाणी तळ्यासारखं नसतं. काठ सरळ तुटलेला असतो, एका पावलावर गुडघाभर आणि पुढच्या पावलावर तीन पुरुष खोल. वर ऊन लागून कोमट, खाली थंडगार. बाहेर यायला धरण्याजोगं काही नसतं. बुडणाऱ्यामागे दुसऱ्याने उडी मारू नये. दोर, ओढणी, रिकामा पाण्याचा कॅन, जे मिळेल ते फेकावं.

तक्रार कुठे करायची?

कडा, सुरुंग, यंत्रं, कामगारांची सुरक्षा : खाण सुरक्षा महासंचालनालय. मुख्यालय धनबादला, पश्चिम विभागाचं नागपूरला. क्रशर खाणीच्या आवाराबाहेर, स्वतंत्र कारखाना म्हणून असेल तर राज्याचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. परवाना, हद्द, बेकायदा उत्खनन : तहसीलदार आणि जिल्हा खनिकर्म अधिकारी. धूळ आणि आवाज : महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. जिवाला आत्ता धोका असेल तर ११२.

तक्रारीत विशेषणं नकोत. खाणीचा गट नंबर, कड्याची अंदाजे उंची, बेंच आहे की नाही, काठावर काय सुटलेलं आहे, खाली किती माणसं कोणत्या वेळी काम करतात, सोबत फोटो. स्वतःचं नाव गुप्त ठेवण्याची विनंती त्याच अर्जात लिहा. पोच घ्या. पंधरा दिवसांत कुणी फिरकलं नाही तर त्या पोचेचा क्रमांक घालून माहितीच्या अधिकारात विचारा की तक्रारीवर काय कारवाई झाली आणि या खाणीची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली होती.